जुनं पिनबॉल मशीन घेताय?
चित्रांवर भाळू नका. १९९०च्या दशकातलं विल्यम्स किंवा बॅली कंपनीचं मशीन असेल, तर प्लग काढून मागचा उभा डबा उघडायला लावा. मुख्य सर्किट बोर्डावर तीन पेन्सिल सेल असतात. ते गळले की बोर्ड खातात. हिरवट-पांढरा थर दिसला, तर भाव पाडा नाहीतर सरळ निघा. फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळलेला असेल तर तेच. (असे जुगाडू भेटतात!) मग काच काढून खेळाची फळी बघा, रंग उडून लाकूड दिसतंय का? ढिल्या फ्लिपरचे (चेंडू टोलवणाऱ्या दांड्यांचे) सुटे भाग मिळतात, झिजलेली फळी मात्र महागात पडते. मग प्लग लावून नाण्याच्या दारामागच्या बटणांनी स्विच-टेस्ट (मशीनचीच स्विच तपासायची सोय) लावा आणि एकेक स्विच तपासा. आणि अर्धा तास तरी खेळा. काही बिघाड मशीन तापल्यावरच दिसतात.