कुलकर्णी हे कुळाचे नाव नव्हे

प्रश्न : पणजोबांच्या जुन्या खरेदीखतात त्यांच्या नावापुढे ‘उपनाव पिंगळे, कुलकर्णी’ असे लिहिलेले आहे, आम्ही मात्र तीन पिढ्या कुलकर्णी हेच आडनाव लावतो. आता भाचीला कुलकर्ण्यांचेच स्थळ सांगून आले असून, ‘एका आडनावात सोयरीक करू नये’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. हे आडनाव आले तरी कोठून? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्या खरेदीखतातील दोन शब्दांतच उत्तर आहे. पिंगळे हे आपल्या घराण्याचे उपनाव आणि कुलकर्णी हा पणजोबांचा हुद्दा. कोणत्या कुळाकडे कोणती जमीन आहे, त्यावर सारा किती बसला, किती वसूल झाला आणि बाकी किती राहिली, हे सारे कुलकर्णी मोडी लिपीत लिहून ठेवी आणि ते दप्तर रुमालात बांधून घरीच सांभाळी. येथे ‘कुल’ म्हणजे वंश नव्हे, तर सारा भरणारा शेतकरी. ‘कूळकायदा’ या शब्दात आजही तो अर्थ जिवंत आहे. हे वतन बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून गाव त्या घराला ‘कुलकर्ण्यांचे घर’ म्हणू लागले आणि पुढे शाळेच्या दाखल्यावरही तेच नाव चढले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील कुलकर्णी वतने रद्द झाली. आडनाव मात्र राहिले.

गावोगावी कुलकर्णी होते आणि तेही निरनिराळ्या ज्ञातींतले, त्यामुळे आडनाव एक म्हणून घराणे एक ठरत नाही. आपेगावचे कुलकर्णीपण ज्ञानेश्वरांच्या घराण्याकडे होते, तर जांबचे समर्थ रामदासांच्या घराण्याकडे; पण समर्थांचे उपनाव ठोसर होते. नाना फडणवीसांचेही मूळ आडनाव भानू, फडणवीस हा पेशव्यांच्या दरबारातील हुद्दाच. देशपांडे, चिटणीस, पोतनीस यांची गोष्टही निराळी नाही.

म्हणून, केवळ आडनाव जुळते एवढ्यावरून भाचीचे चांगले स्थळ नाकारणे मला मुळीच योग्य वाटत नाही. वडीलधाऱ्यांचे समाधान व्हावे यासाठी समोरच्या मंडळींना त्यांचे मूळ उपनाव, गोत्र, कुलदैवत आणि वतनाचे गाव विचारावे. त्यांनाही उपनाव ठाऊक नसेल, तर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या पूर्वजांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली सापडतात. तेथे गेल्यावर मात्र नुसते ‘कुलकर्णी’ न सांगता आधी गावाचे नाव सांगावे.