गावच्या वाचनालयातून पुस्तकांसारखे टॅब घरी द्यायचा विचार आहे. लोक परत आणतील का?

आणतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयातून आम्ही तीन वर्षं सहा जुने टॅब घरी देतोय. दोन फुटले, बुडाला एकही नाही.

सुरुवातीला पाचशे रुपये अनामत घ्यायचो, ती मात्र चूक होती. ज्यांच्या घरी आधीच दोन स्मार्टफोन आहेत तेच टॅब न्यायचे, आणि ऊसतोडीच्या घरातल्या बाया पैशाचं ऐकून दारातूनच माघारी फिरायच्या. आता एका जुन्या सभासदाची सही पुरते.

काही जण म्हणतात, वाचनालयातच कॉम्प्युटर ठेवा, घरी कशाला द्यायचं? पण २०२१ पासून पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मोबाईलवर आली. पिकाचा फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. तिथं वाचनालयातला कॉम्प्युटर काय कामाचा? टॅब बांधावर गेला की भावकीतल्या चार जणांची नोंद होते. नोंदीसाठीचा ओटीपी तर साध्या बटणाच्या फोनवरही येतो, तेवढा सोबत ठेवायला सांगा.

तुम्ही परत येण्याची काळजी करताय. मला जास्त काळजी परत आलेल्या टॅबमध्ये काय राहतं याची वाटते. आधारचे फोटो, बँक पासबुक, लेकरांच्या शाळेची कागदपत्रं. टॅब आला की त्या माणसासमोरच त्याचं गूगल खातं टॅबमधून काढून टाका, मग सेटिंगमधून सगळं पुसा. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रिसेट केलं तर टॅब जुनाच पासवर्ड मागत बसतो. आमचा एक त्यात महिनाभर अडकला. आणि टॅबमधल्या सिमचा नंबर बँकेत किंवा आधारला कुणालाही जोडू देऊ नका. पुढच्या आठवड्यात तो नंबर दुसऱ्याच्या घरात असतो.

मुदत आम्ही सात दिवसांची ठेवलीय, पण एक सवलत मी आग्रहानं सांगेन. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात आणि काही लेकरं आजीजवळ मागं राहतात. त्यांच्या घरी टॅब पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, साधारण मार्चपर्यंत, राहू द्या. अभ्यास होतोच, शिवाय मुकादमाच्या नाहीतर टोळीतल्या कुणाच्या फोनवरून रात्री आई दिसते. त्या पाच महिन्यांचं रिचार्ज वाचनालयानं भरायचं. नवे टॅब घेण्याआधी तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा, मग एक टॅब कमी आला तरी चालेल.