खोगीर बनवणाऱ्या कारागिरावर कुठल्या देशाने पोस्टाचं तिकीट काढलंय का?

हो, म्हणजे मला सगळ्यात आधी आठवतं ते अमेरिकेचं 13 सेंटचं. 4 जुलै 1977 ला त्यांनी चार तिकिटांचा ब्लॉक काढला होता, शिवणकाम करणारी बाई, लोहार, चाकं बनवणारा आणि चौथा चामड्याचा कारागीर, चित्रं लिओनार्ड एव्हरेट फिशर यांची. तिकिटावर लेदरवर्कर असंच आहे पण त्या काळी खोगीर, लगाम, गाडीला घोडे जुंपायचा साज हे सगळं चामड्याच्याच कामात यायचं, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तोफा आणि रसद हलवायला घोडेही लागायचे, त्यामुळे हा मान अगदी योग्य वाटतो मला. 1972 च्या 8 सेंटच्या चार तिकिटांत काचवाला, चांदीवाला, विगवाला, हॅटवाला होते, तिथे चामडंवाल्याला जागा मिळाली नव्हती.

खरी कमाल बघायची तर टाका बघा. दोरा एकच, मेण चोळलेला, दोन्ही टोकांना सुया. चामडं लाकडी चिमट्यात अडकवून तो चिमटा गुडघ्यांमध्ये धरायचा, आरीने भोक पाडायचं आणि एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच एका भोकातून काढून दोन्ही हातांनी घट्ट ओढायचं. मशीनच्या शिलाईत एक दोरा तुटला की पुढचे टाके सुटत जातात, इथे एक टाका घासून तुटला तरी बाजूचे धरून राहतात, आणि स्वार त्या शिलाईच्या भरवशावर घोडा उधळत नेतो हो, रिकिबीचा पट्टा सुटला तर माणूस थेट खाली!

आपल्याकडे हे काम जीनगरांचं. आणि कानपूरमध्ये 1860 च्या दशकात सरकारी खोगीर कारखाना निघाला, तिथल्या सॅडलरीला, म्हणजे खोगीर आणि साजाला, आता जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) आहे. इंग्लंडात खोगिरांचं गाव म्हणजे वॉल्सॉल, तिथल्या फुटबॉल टीमला सुद्धा सॅडलर्स, म्हणजे खोगीरवाले, म्हणतात.

तिकीट घ्यायचं असेल तर सुटं घेऊ नका, चारही जोडलेला ब्लॉक घ्या, महाग नसतो, आणि आधीच ब्लॉक हातात असेल तर प्लीज फाडू नका.