पहिला लेआउट: आधी वळण ठरवा, मग सांधे

मॉडेल रेल्वेसाठी एचओ स्केल (खऱ्या गाडीच्या १/८७ माप) घेतलंत, छान केलंत. आता रूळ विकत घ्यायच्या आधी एक काम करा: तुमचा सगळ्यात लांब डबा कोणता असेल ते ठरवा. वळणाची त्रिज्या त्यावरच ठरते.

१८ इंची वळणावर चार आसांची डिझेल इंजिनं आणि आखूड मालडबे मजेत धावतात. पण लांब प्रवासी डबे तिथे अडतात. त्यांना निदान २४ इंच द्या, जागा असेल तर ३०. त्रिज्या वळणाच्या केंद्रापासून दोन रुळांच्या मध्यापर्यंतच मोजतात, म्हणून १८ इंचाच्या गोलालाही रूळ मांडायची फळी साधारण ४० इंच रुंद लागते. इथे बहुतेक नवखे फसतात.

सांध्यांचं, म्हणजे गाडी एका मार्गावरून फाट्यावर वळवणाऱ्या रुळांचं (टर्नआउट), सोपं आहे. ६ नंबर म्हणजे ६ इंच पुढे गेल्यावर फाटा १ इंच दूर. मुख्य मार्गावर ६, यार्डात ४ चालतो. थोडेच घ्या, पण चांगले घ्या.

सुरुवातीच्या चुका:
- डावं वळण संपताच लगेच उजवं. मध्ये एका लांब डब्याएवढा सरळ रूळ हवाच.
- ऐन वळणात रुळाचा जोड कोनात बसणं. जोडावरून नख फिरवा. नख अडलं तर चाकही अडेल. माझे डबे महिनाभर एकाच जागी घसरत होते, कारण एवढंच होतं.

चढ, वळणातला उतार वगैरे सध्या बाजूला ठेवा. आधी कागदावर खऱ्या मापाचं वळण काढून त्यावर डबे मांडून बघा.