जुन्या घराचं सागवान नव्वद हजारांत द्यावं का?

संगमेश्वर तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलंय. वडिलोपार्जित कौलारू घर उतरवून त्याच जोत्यावर नवं घर बांधलं, आता आतलं काम बाकी आहे. जुन्या घराचे 8 खांब, 6 तुळया आणि 60 वासे, सगळं सागवान, पडवीत पडून आहे. ठेकेदार म्हणतो, "ते मला 90 हजारांत द्या, दारं-खिडक्या, कपाटं, किचन मी पार्टिकल बोर्डात (लाकडाचा चुरा डिंकाने दाबून केलेल्या फळ्यांत) 4 लाख 20 हजारांत करून देतो." गावातला सुतार सगळं काम त्याच लाकडात करायला तयार आहे, पण खर्च 5 लाख 60 हजार. हातात 3 लाख 50 हजारांची मुदत ठेव. मुलगा म्हणतो, पर्सनल लोन घेऊ. गुरुजींच्या मनात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं मोडायचं आहे. नातवाला दमा आहे, सुट्टीत तो दोन महिने इथेच असतो.

गुरुजी, नमस्कार.

आधी लाकडाचा हिशोब. तुम्ही पाठवलेल्या मापांवरून ते 71 घनफूट भरतं. म्हणजे ठेकेदार तुम्हाला घनफुटाला जेमतेम 1,270 रुपये देतोय, आणि वखारीत तुम्हीच विचारलेला भाव 3,500 आहे. अर्थात सगळं लाकूड कामाचं निघत नाही. खांबांचे बुडखे कुजलेले असतात, खिळ्यांची भोकं असतात, चिराईत भुसा जातो. 45 घनफूट चांगलं निघेल असं धरा. त्याची किंमत 1 लाख 57 हजार. त्यातून चिराई, वाहतूक आणि वाळवीच्या औषधाचे 35 हजार वजा केले तरी 90 हजारांपेक्षा 32 हजार जास्तच उरतात.

पण लाकूड ठेवायचं म्हणून कर्ज काढायचं, हे मला पटत नाही. अडीच लाखांचं पर्सनल लोन 13 टक्क्यांनी 4 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 6,700 आणि व्याज 72 हजारांच्या घरात. लाकडात वाचवलं त्याच्या दुपटीहून जास्त बँकेला जाईल. बचत योजनेला तर हातच लावू नका. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्णच बंद करावं लागतं. तुमच्या खात्याला 16 महिने झालेत, म्हणजे 15 लाखांवर दीड टक्का, 22,500 रुपये कापले जातील. दर तिमाहीला येणारे 30,750 थांबतील ते वेगळेच.

मग काय करायचं? काम दोन टप्प्यांत करा. आत्ता चौकटी, दारं, खिडक्या आणि किचन. किचनचा सांगाडा बीडब्ल्यूपी ग्रेडच्या, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या प्लायवुडचा, आयएस 710 हा भारतीय मानकाचा शिक्का पाहून घेतलेला, आणि त्याला पल्ले तुमच्या सागाचे. चिराई धरून हे 3 लाख 25 हजारांत बसतं, म्हणजे ठेवीतच. कपाटं आणि नातवाच्या खोलीतलं काम दोन वर्षांनी. महिना 8 हजार उरतात असं तुम्ही लिहिलंय, त्याची आजपासून आवर्ती ठेव सुरू करा. 24 हप्त्यांचं मुद्दलच 1 लाख 92 हजार होतं, व्याज धरून दोन लाखांवर जाईल. सुतार उरलेल्या कामाचे साधारण दोनच लाख सांगतो.

थांबण्यात लाकडाचाही फायदा आहे. जाड तुळई बाहेरून कितीही जुनी दिसली तरी चिरल्यावर आतल्या फळ्या हवेशी नव्याने जुळवून घेतात, थोड्या वाकतात. दोन पावसाळे रचून ठेवलेली फळी कपाटाला लावली की दार अडकत नाही.

आता एक गोष्ट झाकून ठेवत नाही. ठेकेदाराचं काम 90 हजार वजा जाता तुम्हाला 3 लाख 30 हजारांत पडलं असतं, माझ्या मार्गाने एकूण 5 लाख 25 हजार लागतील. हे जवळपास दोन लाख कशाचे? माझ्याच घरी सिंकखालचं पार्टिकल बोर्ड सहाव्या पावसाळ्यात पाण्यात बुडवलेल्या पावासारखं फुगलं, बिजागरीचे स्क्रू हातात आले. किचन पुन्हा करावं लागलं. कोकणातल्या दमट हवेत तुमच्याकडे ते याहून जास्त टिकेल असं मला वाटत नाही.

दुसरं कारण नातवाचं. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी) बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूने, आणि ऊन व दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसासाठी कर्करोगकारक ठरवलं. बीडब्ल्यूपी प्लायमध्ये फिनॉलचा डिंक असतो, त्यातून तो बराच कमी सुटतो. तरीही दुकानदाराकडून ई-1 किंवा ई-0 (हा वायू कमी सोडणाऱ्या प्लायच्या श्रेणी) लिहिलेलं बिल मागा आणि कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका. दमेकरी मुलाच्या खोलीत मी तरी एवढी काळजी घेईनच.

सुताराला दोन गोष्टी बजावा. घराच्या आतल्या लाकडाला जळकं ऑइल लावायचं नाही. वाळवीसाठी बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडचं पाणी द्यायचं, लाकूड पूर्ण सुकल्यावर जवसाचं तेल. आणि सॉ मिलला गाडी भरण्याआधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पासची चौकशी करा. घर उतरवतानाचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला सोबत असू द्या. परड्यातला उभा साग तोडायचा विचार असेल तर तो सोडा. त्याला 1964 च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते, शिवाय ओलं लाकूड या कामाला उपयोगी नाही.

पाऊस तोंडावर आहे. ठेकेदाराला उत्तर नंतर द्या, आधी ते लाकूड जमिनीपासून वीतभर उचलून, प्रत्येक थरात पट्ट्या घालून रचा. झड ज्या बाजूने येते तिथे आडोशाला झडप बांधा, बाकी बाजूंनी वारा खेळू द्या.