पैसे घेतले म्हणून हिशेब विचारायचा नाही का?

वाचकांच्या पत्रांना उत्तरे देत आहेत जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झालेल्या एक लेखाधिकारी.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 34, शिक्षण बारावी. खताच्या दुकानात हिशेब लिहिते, महिन्याला सात हजार मिळतात. नवऱ्याची तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार मला सुरुवातीपासून मिळतात आणि ते मुलीच्या शिकवणीला जातात. पण आमच्या अंगणवाडीत पाण्याचा नळ नाही, पोरं घरून बाटली घेऊन जातात. राज्यावर कर्ज वाढत चाललंय असं पेपरात वाचलं की मनाला लागतं. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव सुटलाय, म्हणून ग्रामपंचायतीला उभं राहावं असं डोक्यात आहे. भावकीतले म्हणतात, "सरकारचं खाते आणि सरकारलाच बोलते." सासूबाई म्हणतात, नाव तुझं असू दे, कारभार नवरा बघेल. मी हे पैसे सोडून द्यावेत का? आणि उभं राहावं का?

उत्तर : ताई, पैसे सोडू नका आणि उभ्या राहा.

भावकीच्या बोलण्याचं आधी बघू. पैसे मिळतात म्हणून गप्प बसायचं, हा नियम त्यांनी फक्त तुम्हाला लावला आहे. खतावर अनुदान सगळेच घेतात. किसान सन्मानचे वर्षाला सहा हजार आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे सहा हजार भावकीतल्या किती घरांत येत असतील ते आठवा. ते पुरुष पारावर बसून सरकारला बोलतात तेव्हा त्यांना कोणी अडवत नाही. योजनेच्या अटींत तुम्ही बसता, तेव्हा तो पैसा तुमचा आहे. त्यात कोणाचे उपकार नाहीत, त्यामुळे ते फेडण्याचाही प्रश्न येत नाही.

कर्जाची काळजी मात्र खरी आहे आणि ती तुम्हाला वाटते याचं मला फार बरं वाटलं. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याचा एकूण खर्च सात लाख कोटींच्या घरात आहे. महसुली तूट सुमारे 45 हजार 900 कोटी, म्हणजे रोजचा खर्च भागवायलाच तेवढी रक्कम कमी पडते. कर्जाचा आकडा नऊ लाख कोटींच्या वर गेला आहे. लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी 36 हजार कोटी ठेवले. ही रक्कम मोठीच आहे. पण राज्य या एका योजनेमुळे कर्जात बुडालं असं म्हणणाऱ्यांना शेजारचे रकाने दाखवा. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. माझं स्वतःचं निवृत्तिवेतनही त्यातच आलं, आणि ते घेते म्हणून हे सदर लिहू नको असं मला आजवर कोणी म्हणालेलं नाही.

माझा आक्षेप योजना आली कशी याला आहे. 28 जून 2024 ला अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच दिवशी शासन निर्णय निघाला. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे तीन हजार एकदम खात्यात आले, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. अर्ज तपासायला कोणाला सवडच नव्हती. मग निवडणूक उरकल्यावर चाळणी लागली. 2025 मध्ये 26 लाखांहून जास्त खात्यांचे पैसे थांबवले, 14 हजारांवर पुरुषांनी लाभ घेतल्याचं समोर आलं. त्याच वर्षी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी उघड नाराजी सांगितली. म्हणजे एका गरीब बाईच्या हातात पैसे ठेवताना दुसऱ्या गरीब घरातल्या मुलाच्या वसतिगृहासारख्या कामांच्या पैशाला हात लागला. याचा मला राग येतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या गावातच दिसेल. निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, 1980 पासूनची. तिथेही महिन्याला दीडच हजार. पण तिथली कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21 हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला साडेसतराशे. लाडक्या बहिणीला हीच मर्यादा अडीच लाख. ज्या बाईला कोणीच नाही, तिला सर्वांत कडक चाळणीतून जावं लागतं. तुमच्या वॉर्डात अशा किती जणी आहेत, त्यांतल्या कितींचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडला, याची यादी करा. प्रचाराला निघाल तेव्हा ती हातात असू द्या.

आता नळ. त्याचा पैसा मुंबईत शोधायची गरज नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. शिवाय जलजीवन मिशनमध्ये शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची मोहीम 2020 मध्ये निघाली होती, त्यामुळे कागदावर तुमच्या अंगणवाडीला नळ दिल्याची नोंद असूही शकते. ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च कोणालाही बघता येतो. मोबाइलवर बघा. कोणत्या कामावर किती पडले ते उतरवून घ्या आणि मग ग्रामसेवकाकडे नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक आणि नमुना 5 म्हणजे रोकडवही बघायला मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. तुम्ही दुकानाची खतावणी लिहिता, जमा आणि नावे तुम्हाला कळतं. ग्रामपंचायतीचे 33 नमुने बघून घाबरू नका, निम्मे तुम्हाला पहिल्याच दिवशी समजतील.

ग्रामसभेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण नोकरीची बरीच वर्षे मी तिची इतिवृत्तं तपासली आहेत. गणसंख्या, म्हणजे सभा चालायला लागणारी कमीत कमी हजेरी, लागते मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. लोक येत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणसंख्येची अटच नाही. मग चार-पाच जण बसून वर्षाचा जमाखर्च मंजूर करतात आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. तपासणीत मला एका शाईतल्या, एका वळणाच्या, ओळीने बायकांच्या सह्या दिसायच्या. त्या बायकांना आपण कशाला मंजुरी दिली हे माहीतही नसायचं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. ती सभा तुमच्या गावात खरोखर भरते का, हे आजच विचारा. निवडून येण्याची वाट बघू नका. बचतगटातल्या बायका घेऊन महिला सभेत बसा, अंगणवाडीच्या नळाचा ठराव लिहून द्या आणि इतिवृत्तात तो आलाय का हे वाचून मगच सही करा. हे केलंत की राजकारणात तुम्ही आलातच.

अर्ज भरायच्या आधी घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून पावती जवळ ठेवा. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेलं नसावं, घराचं अतिक्रमण सरकारी जागेवर नसावं. जागा मागास प्रवर्गातल्या महिलेसाठी असेल तर जात वैधतेची तयारी आत्ताच करा, अर्ज त्यावरच अडतात. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायला विसरू नका, निवडून आलेली माणसं त्यापायी अपात्र ठरलेली मी पाहिली आहेत. योजनेचा लाभ घेता म्हणून उमेदवारीला अडचण येत नाही.

राहिल्या सासूबाई. राज्यात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि तेव्हापासून खुर्चीत बाई, पण शेजारच्या खुर्चीत नवरा हे चित्र गावोगाव आहे. सासूबाईंशी भांडू नका. पहिल्या मासिक सभेला त्यांनाच सोबत घेऊन जा आणि बाहेर बसवा. नवऱ्याला मात्र घरीच स्पष्ट सांगा की मोटारसायकलवर सोडायला या, आत येऊ नका. सही करताना कागद तुम्ही वाचलेला असला पाहिजे. सदस्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते आणि वसुली निघाली तर नोटिशीवर तुमचंच नाव असतं.

प्रश्न : मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो, खासगी कंपनीतून निवृत्त झालो. आयुष्यभर प्रामाणिकपणे कर भरला. आता तो पैसा फुकट वाटला जातोय हे बघवत नाही. राजकारणाची किळस येते, मतदानालाही जाऊ नये असं वाटतं. या वयात माझ्यासारख्याने काय करायचं?

उत्तर : तुमच्या पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जायचा, हल्ली वर्षाला अडीच हजार होतो तोच. तो 1975 चा. आपण तो कशासाठी दिला हे फार थोड्या नोकरदारांना माहीत आहे, म्हणून सांगते.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या आणि कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक कोरडा खाऊ, यावर आम्ही चार भावंडं जगलो. आमच्या गावचा पाझर तलाव त्याच कामांतला, अजून त्यात पाणी थांबतं. मागेल त्याला काम देण्याची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते आणि तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी तिचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा कुठून आणायचा हे त्याआधीच, 1975 मध्ये ठरलं होतं. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला आणि अशा करांतून जमेल तेवढीच भर सरकारने आपल्याकडून घालायची. केंद्राने 2005 मध्ये देशभर कायदा केला तेव्हा त्यांच्यापुढे आपल्या राज्याचा अनुभव होता.

तुमच्या त्या करात माझ्या आईसारख्या बायकांची मजुरी होती. ती फुकट वाटलेली नव्हती, आणि आज एखाद्या घरात दीड हजारांतून औषध येत असेल तर तेही वाया गेलं असं मी म्हणणार नाही. फरक दिसतो तो इथे. रोजगार हमीमागे कायदा होता, सभागृहातली चर्चा होती, ठरलेला कर होता, आणि 15 दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता मागण्याचा हक्क होता. आताच्या योजना शासन निर्णयावर उभ्या राहतात. उद्या हप्ता थांबला तर त्या बाईने कोणत्या कलमाखाली दाद मागायची? तुमच्यासारख्या करदात्याने खरं तर हाच आग्रह धरायला हवा, तुमचं आणि तिचं दोघांचंही हित त्यात आहे.

वयाचं म्हणाल तर वाचायला वेळ असलेला माणूस या कामाला सोन्यासारखा. राज्याच्या वित्त विभागाच्या बीम्स संकेतस्थळावर कोणत्या विभागाला किती तरतूद झाली, किती निधी प्रत्यक्ष दिला आणि किती खर्च झाला, हे दिसतं. एक विभाग धरा, शालेय शिक्षण किंवा आरोग्य. मार्चमध्ये किती टक्के खर्च एकदम पडतो ते बघा आणि आमदारांना लेखी विचारा. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय जवळपास वीस वर्षांपासून आहे, सोसायटीतल्या लोकांना घेऊन तो अर्ज भरा. आणि मतदान चुकवू नका. मार्च 2022 नंतर तुमच्या शहरात जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार बघत होता. मत न देता कारभार चालला की कसा चालतो, हे तुम्ही सिंहगड रस्त्यावर राहून पाहिलं आहे.

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यातला, वय 22. वडील दिव्यांग आहेत, त्यांचं निराधारचं अनुदान सहा महिने बंद होतं. तहसीलला खेटे घालून दमलो. शेवटी एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याने फोन केला आणि पैसे सुरू झाले. आता ते म्हणतात, युवा आघाडीत ये, तालुक्याचं पद देतो. नाही म्हटलं तर वडिलांचे पैसे परत बंद होतील अशी भीती वाटते.

उत्तर : बंद होणार नाहीत. तुझ्या वडिलांचं अनुदान तहसीलदारांच्या कार्यालयातून मंजूर होतं आणि थेट बँकेत जमा होतं, पदाधिकाऱ्याच्या खिशातून येत नाही. ते थांबतं बहुतेक वेळा हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला वेळेवर न गेल्याने, नाहीतर आधार खात्याला जोडलेलं नसल्याने. पुढच्या वेळी दाखला देताना त्याच कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. तोंडी विचारू नकोस. शिक्क्याची प्रत हातात असली की कोणाच्या फोनची गरज पडत नाही.

त्या माणसाने मदत केली, त्याचे आभार मान, चहाला घरी बोलाव. पक्षात जायचं की नाही हा वेगळा विषय आहे. त्या पक्षाचं म्हणणं तुला पटत असेल तर जरूर जा, चांगली मुलं गेली नाहीत तर पक्ष सुधारणार कसे? पण पद घेण्याआधी महिनाभर त्यांच्यासोबत हिंड आणि तुझ्या गावातली अशीच बंद पडलेली प्रकरणं त्यांच्यासमोर ठेव. वडिलांसारखे आणखी कोण अडकलेत ते तुला खेटे घालताना कळलंच असेल. मतांचा हिशेब न बघता ती प्रकरणं त्यांनी धसास लावली तर तिथे काम करण्यासारखं आहे. तुझ्या एकट्याचंच काम झालं आणि बाकीच्यांना "बघू" म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हण आणि ती यादी घेऊन स्वतःच तहसीलदारांकडे जा. बरोबर वडिलांना ने, आणि त्या घरांतल्या निदान एकेका माणसाला.