वाचकांचे प्रश्न : मिसिसिपीवरच्या आगबोटी

प्रश्न : अमेरिकन संशोधक फुल्टनच्या १८०७ च्या आगबोटीत कमी दाबाचं इंजिन होतं. मग मिसिसिपी-ओहायो नद्यांवर जास्त दाबाची इंजिनं का आली? आणि तिथले बॉयलर इतके का फुटायचे?

उत्तर : दाब जास्त म्हणून स्फोट, हे समीकरण अर्धंच खरं आहे. आधी इंजिनाचं पाहू.

फुल्टनचं इंजिन इंग्लंडमधल्या बोल्टन-वॅट कारखान्याचं. त्यात वापरलेली वाफ कंडेन्सरमध्ये थंड होते आणि तिथल्या पोकळीमुळे दट्ट्याला जोर मिळतो. लाकूड कमी लागतं, पण यंत्र जड. हडसन नदी खोल असल्याने तिथे ते चाललं. न्यूयॉर्क ते ऑल्बनी हे १५० मैल बोटीने ३२ तासांत कापले. मिसिसिपी उथळ, गढूळ आणि ओढीची. गाळाने कंडेन्सरचे पंप आणि झडपा खराब होत. जास्त दाबाच्या इंजिनात काम झालेली वाफ सरळ हवेत सोडतात. यंत्र हलकं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं, आणि धारेविरुद्ध वेळेला जोर वाढवता येतो. सरपण जास्त जळतं, पण काठावर जंगलच होतं. निवड योग्यच होती.

घात व्हायचा तो बहुधा पाण्याच्या पातळीत. बॉयलर म्हणजे आडवे लांब नळकांडे, आत धुराच्या नळ्या. या नळ्या पाण्याखाली असेपर्यंत ठीक. उघड्या पडल्या की लोखंड तापून मऊ होतं आणि नेहमीच्या दाबालाही टिकत नाही. सुरुवातीच्या बोटींत बॉयलरला पाणी देणारा पंप मुख्य इंजिनावरच चाले. धक्क्याला बोट थांबली की पंप थांबे, भट्टी मात्र पेटलेलीच. त्यात प्रवासी एका बाजूला गोळा झाले की बोट कलायची, शेजारी-शेजारी जोडलेल्या बॉयलरांतलं पाणी खालच्या बाजूला जायचं आणि वरचा कोरडा पडायचा. बोट सरळ झाली की तेच पाणी तापल्या पत्र्यावर.

पातळी बघायला वर-खाली तीन नळ असत. वरच्यातून वाफ, खालच्यातून पाणी आलं की ठीक. पण गढूळ पाणी फेसाळतं, आणि नळातून आलेला फेस पाणीच समजला जाई. तळाशी बसलेला गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर त्याखालचा पत्रा जळे.

पुढे पाण्याच्या पंपाला स्वतंत्र छोटं इंजिन आलं. बोटीवरची माणसं त्याला ‘डॉक्टर’ म्हणत, आणि नाव सार्थ होतं. अमेरिकेच्या १८३८ च्या कायद्यात तपासणी होती, पण ढिली. १८५२ च्या कायद्याने इंजिनिअर आणि पायलटना परवाना सक्तीचा केला, ४२ इंच व्यासाच्या, पाव इंच पत्र्याच्या बॉयलरला चौरस इंचाला ११० पौंडांची मर्यादा घातली आणि १६५ पौंडांवर पाण्याने चाचणी ठेवली. तरीही २७ एप्रिल १८६५ ला मेम्फिसजवळ ‘सुलताना’ ही आगबोट फुटली. परवानगी ३७६ जणांची, बोटीवर दोन हजारांहून जास्त, बहुतेक अमेरिकेच्या यादवी युद्धातले सुटका झालेले युद्धकैदी. त्याआधी व्हिक्सबर्गला फुगलेल्या पत्र्यावर नुसतं ठिगळ मारलं होतं.

प्रश्न : व्यापाराला नेमका फायदा काय झाला?

उत्तर : खरा फायदा उलट दिशेचा. पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, व्हिस्की घेऊन सपाट तराफे न्यू ऑर्लिन्सला आधीही वाहत जात. तिथे तराफा लाकडाच्या भावाने विकायचा. वर येणं मात्र महाकठीण. न्यू ऑर्लिन्स ते ओहायोवरचं लुईव्हिल, वल्ही-बांबूंनी होडी रेटत, तीन-चार महिने. १८१५ मध्ये ‘एंटरप्राइज’ आगबोट २५ दिवसांत पोचली. १८५३ पर्यंत हे अंतर साडेचार दिवसांच्या आत आलं. कॉफी, साखर, लोखंडी सामान आतल्या गावांना परवडू लागलं. गंमत म्हणजे तराफेही लगेच संपले नाहीत. तराफेवाले आगबोटीच्या डेकवर बसून झटपट परतू लागले.

प्रश्न : बोट वाळूत रुतली तर?

उत्तर : मिसुरी नदीवर हे रोजचंच. नाकाशी दोन जाड खांब असत. ते तळात रोवायचे, वरच्या कप्पीतून दोर कॅप्स्टन या उभ्या रहाटाला घेऊन गुंडाळायचा. नाक उचललं जातं. तेवढ्यात मागचं चाक जोरात फिरवायचं की बोट हातभर पुढे सरकते. खांब उपटून पुढे रोवायचे, पुन्हा तेच. वाळूचा पट्टा लांब असला तर यातच दिवस जाई.